सोमेलिएची नोकरी सोडून अथणीकडं वाइनचा धंदा? सल्ला हवाय

अथणी_ते_पणजी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वाचक जुना आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मूळचा अथणी तालुक्यातला. बेळगावात हॉटेल मॅनेजमेंट केलं, गोव्यात एका मोठ्या हॉटेलात स्टुअर्ड म्हणून लागलो आणि तिथंच वाइनचा नाद लागला, पुढं सोमेलिए, म्हणजे हॉटेलातला वाइनचा जाणकार, झालो. डब्ल्यूएसईटी या वाइनच्या परीक्षेची लेव्हल 3 झाली, कोर्ट ऑफ मास्टर सोमेलिअर्सची सर्टिफाइड परीक्षाही झाली. आता यादी ठरवणं, पुरवठादारांशी घासाघीस, स्टाफला शिकवणं, टेबलावर बाटली खपवणं हे सगळं माझ्याकडं आहे. पगार बरा मिळतो. पण या नोकरीत वरच्या पायऱ्या थोड्या आहेत, आणि पन्नाशीला रात्री बारापर्यंत पायावर उभं राहायची तयारी नाही.

घरी द्राक्षबाग आहे. थॉमसन आणि थोडी सोनाका, सगळा माल बेदाण्याला. तासगावच्या सौद्यात दर मिळाला तर हसायचं, नाही मिळाला तर कोल्ड स्टोरेजचं भाडं भरत बसायचं. वडील आणि काका दोघंही दमलेत.

विचारायचंय ते असं. घरच्या मालाची वाइन होईल का? वाइनरी काढायची तर आपल्या बाजूला कर्नाटकात की म्हैसाळच्या पलीकडं महाराष्ट्रात? आणि चाखणारा माणूस करणारा होऊ शकतो का, की ही माझी नुसती हौस? घरी माळकरी वातावरण आहे, तोही एक प्रश्न आहेच.

खडेबाजार_कट्टा

वाचतोय. वाचनखूण साठवली. बेळगावात कुणी चांगली वाइन केली तर पहिलं गिऱ्हाईक मी.

कागवाड_बागायत

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, बाकीचं शिकलेली माणसं देतील.

थॉमसनची वाइन होते, कोण नाही म्हणतंय? पण तिला ना वास, ना अंग. आपण बाग मांडवावर पसरतो, गोडी छाटणी ऑक्टोबरात धरतो, पाणी-खत भरपूर देतो आणि एकरी 10-12 टन काढतो. बेदाण्याला नुसती साखर हवी असते. वाइनला साखर, आंबटपणा, साल आणि वास एकाच वेळी जुळून यावं लागतं. म्हणून वाइनची बाग उभ्या तारांवर घेतात, घड कमी ठेवतात, एकरी 4-5 टनांवर समाधान मानतात. सोव्हिन्यों ब्लाँ, शनँ ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने, ही झाडंच वेगळी.

आपल्याकडची काळी जमीन चुनखडीची. तिथं डॉगरिज किंवा 110-आर खुंटावर कलम केल्याशिवाय झाड तग धरत नाही. खुंट आधी लावायचा, पावसाळा सरताना कलम भरायचं, पहिलं पीक हातात यायला पुढचं दीड-दोन वर्ष. तोवर वडिलांनी काय खायचं?

आणखी एक. 2001 मध्ये महाराष्ट्रानं वाइन धोरण आणलं, पलूसला वाइन पार्क झालं, तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या आणि आमच्या बाजूच्याही कैक जणांनी वाइनची द्राक्षं लावली. 2008 ची मंदी आली, नारायणगावची इंडाज वाइनरी बसली, खरेदीदार फोन उचलेनात. ती द्राक्षं बाजारात खायला चालत नाहीत, बेदाणाही होत नाही. बिया आणि जाड साल. आमच्या भावकीतल्या एकानं कुऱ्हाड लावली बागेला. तेव्हा आधी गिऱ्हाईक, मग झाड.

निपाणीचा_सेलरवाला

कागवाडकरांना +1. मी नाशिकला एका वाइनरीत सेलरमध्ये, म्हणजे वाइन आंबवतात-साठवतात तिथं, आहे, मायक्रोबायोलॉजी करून इथं आलो. तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, जरा लांबेल.

सोमेलिएचं नाक खरंच तयार असतं. आमच्याकडं पाहुणे सोमेलिए येतात आणि ग्लास हुंगून सांगतात, याला व्हिनेगरचा वास आहे, यात ब्रेट (वाइन बिघडवणारं यीस्ट) आहे, हा कॉर्क खराब. बरोबर असतं. पण वाइन बाटलीत गेल्यावर ते सांगून आमचा फायदा काय? आम्हाला ते तीन आठवडे आधी कळायला लागतं. रसात नायट्रोजन कमी असेल तर यीस्ट उपाशी राहतं आणि टाकीतून सडक्या अंड्याचा वास सुरू होतो. त्या दिवशी रस हवेशी खेळवला, यीस्टला खाऊ घातला तर सुटतं. चार दिवस उशीर झाला तर तो वास वाइनमध्ये असा बसतो की तांब्याचा उपचार करायची वेळ येते.

दुसरा त्रास उन्हाचा. आपल्याकडं द्राक्ष 22-24 ब्रिक्सला (साखरेचं माप) पोचेपर्यंत आंबटपणा उतरलेला असतो, पीएच 3.8 च्या वर जातो. पीएच चढला की सल्फर डायऑक्साइडची ताकद घटते, जंतूंना मोकळं रान मिळतं. म्हणून टार्टारिक ॲसिड कधी आणि किती घालायचं हा इथल्या वाइनमेकरचा रोजचा हिशेब. फ्रान्सच्या पुस्तकात यावर फार थोडं सापडेल, कारण त्यांचं दुखणं बरेचदा उलटं असतं. पांढरी वाइन 12 ते 16 अंशांत आंबवायची, बाहेर फेब्रुवारीचं 34 अंश ऊन. चिलर बंद पडला, डिझेल जनरेटर चालू झाला नाही, की वास उडून गेलेली वाइन हातात येते. अथणीकडच्या लोडशेडिंगचं मी तुला सांगायला नको.

आणि बहुतेक काम धुण्याचं आहे. टाकी, पाइप, पंप, क्रेट, फरशी, परत टाकी. आंबत असलेल्या टाकीत कार्बन डायऑक्साइड साठतो, वरून वाकून बघायला गेलेली माणसं मेलेली आहेत. तुझ्या कोटाला हे सवयीचं नाही.

तरी मी नको म्हणत नाही. एक हंगाम करून बघ. आपल्याकडं तोडणी जानेवारी ते मार्च, गोव्यातला तुझा सीझन तेव्हाच असतो, त्यामुळं सुट्टी मिळणार नाही, नोकरीच सोडायला लागेल. मार्चमध्ये इथनं सुटलास तर दक्षिण गोलार्धातला हंगाम एप्रिलपर्यंत चालतो, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात सेलरहँड (सेलरमधले हंगामी कामगार) घेतात. सप्टेंबर-ऑक्टोबरला युरोप. एका वर्षात तीन हंगाम बघणारी पोरं आमच्याकडं येतात तेव्हा त्यांना काही शिकवावं लागत नाही. कागदी शिक्षण हवं असेल तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन, ब्रुइंग आणि अल्कोहोल टेक्नॉलॉजीचं एमएस्सी आहे. पण त्याला विज्ञानाची पदवी लागते. हॉटेल मॅनेजमेंटवाल्याला तो दरवाजा बहुतेक बंद.

अथणी_ते_पणजी

धन्यवाद दादा. कोटावरचा टोमणा पोचला :) चिलरचं मी खरंच धरलं नव्हतं. बाटली चढ्या भावाची का असते हे गिऱ्हाइकाला सांगताना मी बॅरलबद्दल बोलतो, विजेच्या बिलाबद्दल कधी बोललो नाही.

टिळकवाडीची_ताई

मी बंगळूरला पेयांच्या विक्रीत आहे. वरचं वाचून पोरगा घाबरला असेल, म्हणून दुसरी बाजू.

सोमेलिएनं वाइन काढणं ही काही नवी गोष्ट नाही. रजत पार, मूळचा कोलकात्याचा. अमेरिकेत शेफ व्हायला गेला, सॅन फ्रान्सिस्कोत रुबिकॉन रेस्टॉरंटमध्ये लॅरी स्टोन यांच्या हाताखाली सोमेलिए झाला, पुढं एका मोठ्या रेस्टॉरंट-साखळीची वाइन सांभाळली आणि मग कॅलिफोर्नियात सँडी नावाची वाइन सुरू केली. पण वाइन करण्याचं काम कुणी सांभाळलं? त्यानं आणि साशी मूरमन या मुरलेल्या वाइनमेकरनं मिळून. शिवाय सँडीसाठी द्राक्षं विकत घेतली, पहिल्या दिवशी जमीन घेतली नाही. त्याचे गुरू लॅरी स्टोन स्वतः नंतर ओरेगनमध्ये लिंग्वा फ्रांका काढून बसले. ग्रेग हॅरिंग्टन 1996 मध्ये 26 व्या वर्षी मास्टर सोमेलिए (या पेशातली सगळ्यात वरची पदवी) झाला, बड्या रेस्टॉरंटांची वाइन सांभाळली आणि 2005 मध्ये वॉशिंग्टन राज्यात वाला वाला इथं ग्रामर्सी सेलर्स काढलं.

आपल्याकडं बघ. सुला वाइनरीचे राजीव सामंत इंजिनिअर, वाइनमेकिंगसाठी कॅलिफोर्नियाचे केरी डॅमस्की आले. नंदी हिल्सच्या ग्रोव्हरांनी फ्रान्सच्या मिशेल रोलां यांना वाइनसाठी सल्लागार धरलं. फ्रातेल्ली वाइनरीत अकलूजचे मोहिते-पाटील आणि इटलीची माणसं. मालकानंच टाकी धुवावी असा नियम कुठंय?

तुझ्याकडं काय आहे जे या कुणाकडं सुरुवातीला नव्हतं? तुला माहीत आहे गोव्यातलं कुठलं हॉटेल कुठली बाटली किती दरानं घेतं, ग्लासवर कुठली चालते, परत कुठली येते. नाशिकच्या छोट्या वाइनऱ्यांकडं टाक्या आहेत, वाइनमेकर आहे, विकणारा माणूस नाही. कित्येक जण दुसऱ्याचं लेबल आपल्या वाइनरीत भरून देतात. तू द्राक्षाचा प्लॉट निवड, तोडणी कधी करायची ते त्यांच्या वाइनमेकरसोबत ठरव, ब्लेंड तू कर, लेबल तुझं. त्यात तुझं नाक कामाला येईल. इमारतीत पैसा घातलास की पुढची दहा वर्षं बँकेसाठी वाइन करशील.

कागवाड_बागायत

ताईंचं पटलं. माझा हिशेब जोडतो. टनाला साधारण 650 लिटर वाइन, म्हणजे साडेआठशे बाटल्या. एकरी 5 टन धर. दोन एकरांत साडेआठ हजार बाटल्या दर वर्षी. पणजीतल्या तुझ्या हॉटेलात रात्रीला किती जातात?

अथणी_ते_पणजी

देशी वाइन धरली तर सीझनमध्ये डझनभर गेल्या तरी मोठी रात्र. पावसाळ्यात विचारू नका.

शहापूरचा_हिशेबनीस

दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावेना, म्हणून मी.

अबकारी हा राज्याचा विषय. कागवाडातनं म्हैसाळ दिसतं, निपाणी सोडली की कोगनोळी नाका आणि पुढं कागल, पण बाटलीच्या दृष्टीनं तो परदेश. इकडची वाइन तिकडं न्यायची तर इकडचा निर्यात परवाना, तिकडचा आयात परवाना, तिकडं लेबलची वेगळी नोंदणी आणि तिची फी. गोव्यासाठी पुन्हा तेच. तीन राज्यांत विकायचं तर तीन लेबलं नोंदवा. कर्नाटकात अबकारी वर्ष 1 जुलैला सुरू होतं, महाराष्ट्रात एप्रिलला. दोन्ही बाजूंचं नूतनीकरण सांभाळताना माझ्या एका अशिलाचा माल जूनअखेरीला अडकून पडला होता, वाइन नव्हती पण प्रकार तोच.

कर्नाटकानं 2007 मध्ये द्राक्ष प्रक्रिया आणि वाइन धोरण आणलं, वाइन बोर्ड काढलं, वाइनसाठी टॅव्हर्नसारखे (बसून वाइन प्यायची जागा) वेगळे परवाने ठेवले. इथला शेतकरी म्हणून तू तिथं जाऊन विचारायला हवंस. फॉर्म कन्नडमध्ये, ऑफिसात कन्नड, आणि ते तुला घरबसल्या येतं. पुण्या-नाशिकच्या माणसाला ते येत नाही. महाराष्ट्राकडं मोठं आकर्षण म्हणजे तिथल्या वाइनवरच्या 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के वाइनरीला परत द्यायची योजना. ती तिथल्या उत्पादकासाठी आहे. अथणीत वाइनरी काढून कोल्हापुरात विकणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

लोक विसरतात ती गोष्ट जीएसटीची. दारू जीएसटीबाहेर आहे. म्हणजे टाकी, प्रेस, बाटली, लेबल, कॉर्क यांवर तू जीएसटी भरणार आणि त्याचं क्रेडिट तुला कुठंच वळतं करता येणार नाही. प्रकल्प अहवालात बहुतेक जण ते वळतं धरतात आणि आकडे छान दिसतात.

विठ्ठल_भक्त_चिकोडी

सगळे मिळून पोराला दारूच्या धंद्यात ढकलताय. शेतकऱ्याच्या नावानं चाललेलं नाटक आहे हे. 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारनं सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय घेतला तेव्हाही शेतकऱ्याचं भलं म्हणूनच सांगितलं होतं. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. घरात माळ असताना हे?

टिळकवाडीची_ताई

विरोध समजू शकते. पण आपल्या जिल्ह्यात उसाची मळी कुठं जाते हेही बघू या. उगारला साखर कारखान्याबरोबर डिस्टिलरी आहे, तिथं पिढ्यान्‌पिढ्या माळकऱ्यांची पोरं नोकरीला जातात, त्यांना कुणी अडवत नाही. पगार चालतो आणि मालकी चालत नाही, हे काही मला उमगलं नाही.

विठ्ठल_भक्त_चिकोडी

मालकीत पाप जास्त, इतकंच. यावर वाद नको, धागा त्याचा आहे.

जांबोटी_मधवाला

खानापुरातनं लिहालोय. सगळ्यांनी द्राक्षच का धरलंय? प्रश्न पेयांच्या धंद्याचा असेल तर आमच्या बाजूला बघा की.

पुण्यात मूनशाइन मीडरीनं मधापासनं मीड काढली, नाशिकला सेराना मीड्स दोघी बायकांनी उभी केली. मध वर्षभर टिकतो, तोडणीच्या दोन महिन्यांत सगळं उरकायची घाई नाही. टाकी रिकामी झाली की पुढचा घाणा. लहान धंद्याला हे किती सोयीचं ते हिशेबनीस सांगतील. जंगली मध दर वर्षी वेगळा लागतो, तिथं तुझ्यासारखं नाक हवं.

काजूची बोंडं आमच्याकडं आणि चंदगडला झाडाखाली कुजतात. चोर्ला घाट उतरलं की त्याच बोंडांची फेणी होते. पण फेणीचं भौगोलिक मानांकन 2009 पासनं गोव्याचं आहे, आपण ते नाव लावू शकत नाही. आणि ज्याला कुणाला घरी भट्टी लावून बघायची हौस आली असेल त्यानं लक्षात ठेवावं, कर्नाटकात 2007 पासनं सारायी (देशी दारू) बंद आहे. परवान्याशिवाय गाळणं म्हणजे थेट गुन्हा. घरातली जांभळाची वाइनही विकायला काढू नकोस बाबा.

घायपात बघितलंय का? अथणीकडं बांधावर उभं असतं. दख्खनच्या घायपातापासनं गोव्यात माया पिस्तोला नावाची दारू निघते. रिचर्ड बेट्स नावाच्या मास्टर सोमेलिएनं मेक्सिकोत सोम्ब्रा मेस्कॅल नावाची दारू काढली होती, तीही घायपाताच्याच कुळातल्या झाडाची. फक्त घायपात तयार व्हायला आठ-दहा वर्षं जातात, आणि ऊर्ध्वपातनाचा (दारू गाळण्याचा) परवाना वाइनपेक्षा कितीतरी अवघड.

निपाणीचा_सेलरवाला

मीडबद्दल एक. मधात यीस्टला लागणारं नायट्रोजन जवळपास नसतंच. वर मी जे सडक्या अंड्याचं लिहिलं ते तिथं दुप्पट लागू. सोपं समजून कुणी उतरू नये.

खडेबाजार_कट्टा

अवांतर: गोव्यात माका झाई नावाची रम काढणाऱ्या कस्तुरी बॅनर्जी आधी बँकेत होत्या, मग बारटेंडिंग शिकल्या. त्यांच्यापेक्षा तू दोन पायऱ्या पुढं आहेस की.

अनगोळची_सून

बिनदारूचं कुणी बोलेना. मी कोकम, आवळा आणि जांभळाची सरबतं विकते, बेळगाव, हुबळी आणि थोडी गोव्यात. अबकारी नाही, एफएसएसएआयवर (अन्नपदार्थांच्या परवान्यावर) काम होतं, राज्य ओलांडायला परवाना लागत नाही. मात्र रसात सोडा भरला की जीएसटी थेट वरच्या टप्प्यात जातो, म्हणून मी सोडा वेगळा घ्यायला सांगते.

हॉटेलं आता जेवणासोबत बिनदारूचं काहीतरी मागतात आणि देणारे लोक सगळं गोडमिट्ट करून देतात. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रानं मांजरी मेडिका नावाची गडद रंगाची, रसासाठीची जात काढलीय. आंबट-तुरट रस, साखर न घालता, चांगल्या बाटलीत. सोमेलिएला जेवणाबरोबर काय जातं ते कळतं, सरबतवाल्यांना ते कळत नाही. घरच्या माळेलाही धक्का नाही.

अथणी_ते_पणजी

हे मला सुचलंच नव्हतं. आणि खरं सांगू, वडिलांना हेच पहिल्यांदा पटेल.

सगळ्यांचं वाचून सध्या असं ठरवतोय. हॉटेलात डिसेंबरअखेरीचा राजीनामा देणार, जानेवारीत नाशिकला हंगाम करणार. सेलरवाले दादा, तुम्हाला वेगळा निरोप पाठवलाय. वाइन करायची ती दुसऱ्याच्या टाकीत, विकत घेतलेल्या द्राक्षांची, पहिल्या वर्षी पाच-सहाशे बाटल्या आणि फक्त गोव्यात, कारण तिथले खरेदीदार मला ओळखतात. घरच्या बागेत वाइनचं झाड इतक्यात नाही. काकांच्या पडीक तुकड्यावर मांजरी मेडिका लावून बघायचा विचार आहे. कागवाडकर, एक एकर पुरे का?

कागवाड_बागायत

अर्धा एकर कर. आणि आधी माती-पाणी तपासून घे, बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर सगळं मुसळ केरात. डावणी, भुरी हे रोग कुठल्याही जातीला चुकत नाहीत, काकांकडं फवारणीचा वेळ आहे का ते विचार. रोपं आणायला मांजरीला जाशील तेव्हा सांग, मलाही थोडी हवीत.

निपाणीचा_सेलरवाला

निरोप मिळाला. गमबूट स्वतःचे आण, इथले फाटकेच असतात. परफ्यूम आणि आफ्टरशेव्ह घरी ठेव.

शहापूरचा_हिशेबनीस

पाच-सहाशे बाटल्यांवर गोव्यातली लेबल नोंदणीची फी पसरून बघ, बाटलीमागं किती बसते ते. नाहीतर पहिलं वर्ष नुसतं शिकण्यात गेलं असं धरून चाल. नाव ठरलं की लगेच ट्रेडमार्कला शोध घे: वाइन, मीड, दारूला वर्ग 33, रस-सरबताला वर्ग 32. दोन्ही एकदमच नोंदव, नंतर तेच नाव दुसऱ्या वर्गात कुणी घेतलेलं निघतं.